दरपत्रक जी-१०५५ यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री दरपत्रक जी-१०५५ साहेब,
अमेरिकन नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा, मु. कॅम्प स्प्रिंग्ज, मेरिलँड, यांसी
एडिसन, न्यू जर्सी येथून एका रांगेतल्या माणसाचे सा. न. वि. वि.

संचालकांना सोडून कागदाला पत्र का, असं लोक विचारतील. संचालक येतात-जातात. आपण मात्र इथेच असता आणि दर भेटीत थोडे अधिक गुटगुटीत दिसता. शिवाय अर्ज पाकिटात घालायच्या आदल्या रात्री आम्ही कुलदैवताआधी आपलं दर्शन घेतो, कारण रकमेत चूक झाली की अख्खा गठ्ठा परत येतो. खात्याचा जवळजवळ सगळा खर्च अर्जदारांच्या फीवर चालतो, अमेरिकन करदात्यावर नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र घरच्या माणसाने लिहिलंय असं समजावं. घर आमच्याच पैशांवर चालतं.

आपल्याला २००७ सालचा जुलै आठवत असेल. रोजगारावर आधारित ग्रीनकार्डाचं दार जवळजवळ सगळ्यांना उघडल्याचं जाहीर झालं आणि २ जुलैला ते बंद झालं. तेव्हा आम्हा भारतीयांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’ची गांधीगिरी केली आणि संचालक एमिलियो गोन्झालेस यांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ते वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांकडे रवाना केले. पुढे दार पुन्हा उघडलं आणि १७ ऑगस्टपर्यंत जुन्या फीत अर्ज घेतले गेले.

‘जुन्या’ हा शब्द तिथे महत्त्वाचा, कारण ३० जुलैपासून आय-४८५ या ग्रीनकार्डाच्या अर्जाची फी बोटांच्या ठशांसकट ३९५ डॉलरवरून १,०१० वर गेली. आम्ही कळवळलो, पण त्या वाढीत एक न्याय होता. तोवर अर्ज लटकलेला असताना वर्क परमिट आणि प्रवासाची परवानगी दरवेळी वेगळी विकत घ्यावी लागे. म्हणजे निकाल जितका लांबेल तितका आपला गल्ला भरे, आणि ही गोष्ट वॉशिंग्टनमध्येही काहींच्या डोळ्यांवर आली होती. नव्या फीत हे दोन्ही आत आले. एकदाच पैसे घ्या आणि उशीर झाला तर नूतनीकरणाचा भार आपणच सोसा. पापड-लोणच्यासकट थाळी म्हणा ना.

१ एप्रिल २०२४ ला थाळी बंद झाली. आय-४८५ चे १,४४०, वर्क परमिटचे २६०, प्रवासाच्या परवानगीचे ६३०. मिळून २,३३०, जे आदल्या दिवशी १,२२५ मध्ये होत होतं. पुढे ५ डिसेंबर २०२५ पासून या वर्क परमिटची कमाल मुदत पाच वर्षांवरून अठरा महिन्यांवर आली. कारण सांगितलं ते वारंवार छाननीचं, आणि असेलही. पण छाननी जितक्या वेळा तितक्या वेळा २६० डॉलर, हा योगायोग आपल्या नजरेतून सुटला असेल असं वाटत नाही.

सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. ग्रीनकार्डाचं नूतनीकरण २०२४ मध्ये चक्क स्वस्त झालं, आणि नागरिकत्वाच्या अर्जाला बेताच्या उत्पन्नाच्या माणसाला ७६० ऐवजी ३८० पुरतात. त्याबद्दल आभार.

आता घाईच्या काउंटरविषयी, म्हणजे आय-९०७ भरून मिळणाऱ्या प्रीमियम प्रोसेसिंगविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये २,५०० चे २,८०५ झाले. पाचेक आठवड्यांनी ‘१५ दिवसां’चे ‘कामाचे १५ दिवस’ झाले. भाव वाढला आणि माप घटलं, तेही एकाच मोसमात! आमच्याकडचा किराणावाला यातलं एकच करतो. आणि या घाईने मिळतं काय? आय-१४०, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीनकार्डाची याचिका, झटपट मंजूर होतो आणि भारतात जन्मलेला माणूस झटपट अशा रांगेत जाऊन उभा राहतो, जिथे २०२५ साली ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गात २०१३ च्या आसपासच्या प्रायॉरिटी डेटचे, म्हणजे तेव्हा रांगेत नाव लागलेले, अर्ज निघत होते. (एच-वन-बी व्हिसावरच्या एक लाख डॉलर फीचा विषय मी काढत नाही. तो आकडा सप्टेंबर २०२५ मध्ये थेट राष्ट्राध्यक्षांकडून आला. त्यापुढे आपण सज्जनच.)

आपली खरी कमाल दिसते ती आश्रय मागणाऱ्यांच्या बाबतीत. २०२४ मध्ये आपण कंपन्यांवर आश्रय-निधीचे ६०० डॉलर बसवले, लहान कंपनीला ३००, विनानफा संस्थेला माफ. आश्रितांकडून पैसे कसे मागणार, म्हणून ज्यांच्याकडे आहेत त्यांनी भरावेत. ठीक. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने आश्रितांनाही १०० डॉलर लावले. ही फी अमेरिकेने त्याआधी कधी घेतली नव्हती, आणि कितीही गरीब असला तरी तिला माफी नाही. कंपन्यांचे ६०० मात्र जागेवरच राहिले.

त्याच कायद्यात आणखी एक ओळ आहे. अर्ज जितकी वर्षं अनिर्णित राहील, तितक्या वर्षांचे दरसाल आणखी १०० डॉलर. निर्णय द्यायचा आपण, न दिल्याचा दंड भरायचा त्याने! जीव वाचवून पळालेल्या माणसाकडून आपल्याच दिरंगाईचं भाडं घ्यायचं, आणि तेही महागाईनुसार वाढवत न्यायचं. हा कायदा काँग्रेसचा, आपण फक्त आकडा छापता, हे मान्य. छापता मात्र ठळक.

म्हणून एक सूचना, आपल्याच वहीतून. प्रीमियमची मुदत चुकली तर ती फी परत करण्याचा नियम आपल्याकडे आहे. तोच नियम आश्रयाच्या अर्जाला लावा. साल उलटलं आणि निकाल नाही, तर शंभर डॉलर आपण त्याला पाठवायचे. आय-४८५ वाल्यांना रोख नको, वर्क परमिट पूर्वीसारखं आत घ्या, पुरे. खात्याचं दिवाळं निघेल म्हणता? मग निकाल वेळेत लागतील, आणि निघणार नाही.

उत्तराची घाई नाही. असती तर सोबत आय-९०७ जोडला असता.

आपला,
२०१४ ची प्रायॉरिटी डेट