चेहरा सल्लागार मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
चेहरा सल्लागार मंडळ (स्वयंनियुक्त),
कारंजा (घाडगे), जि. वर्धा.

विषय : माझ्या मुरुमांबद्दल दाखवलेल्या आस्थेचे आभार, तसेच मंडळ बरखास्त करण्याबाबत.

काकू, आत्याबाई, मामी आणि बसस्टँडवरचे अनोळखी काका,



बारावीपासून आपण माझ्या चेहऱ्यावर जेवढं लक्ष ठेवून आहात, तेवढं मी पुस्तकांवर ठेवलं असतं तर मेरिटमध्ये आले असते. "काय वं, तोंडाले काय झालं?" असं आपण इतक्या मायेनं विचारता, की घरी आरसा नसलेल्या पोरीलाही बातमी पोहोचावी.

मंडळाचं पहिलं निदान : "तोंड नीट धूत नाही वाट्टे." धुतलं. साबणानं कातडी ताणली, लाल झाली. मुरूम जागच्या जागी. कारण ते मळातून येतच नाहीत. वयात येताना हार्मोन्स वाढतात, कातडीतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं आणि आतले जंतू त्या तेलावर पोसतात. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नव्हे. उघड्या छिद्रात अडकलेल्या तेलाचा आणि रंगद्रव्याचा हवेशी संबंध आला की तो काळा दिसतो.

दुसरं निदान : "पोटात उष्णता हाये." म्हणून माझा सावजी रस्सा बंद केला आणि वर साखरेचा चहा, टोस्ट पुढे सरकवले. तिखटानं मुरूम येतात याला पुरावा नाही. संबंध दिसला आहे तो जास्त गोडाचा, मैद्याचा, काहींच्या बाबतीत दुधाचा आणि जिमला जाणाऱ्या पोरांच्या व्हे प्रोटीनचा. म्हणजे आरोपी सुटला, साक्षीदार आत गेला. डोक्यावर थापलेलं तेल कपाळावर उतरून छिद्रं बुजवतं, ते मात्र खरं. पण तेल थापणारी आजीच मंडळाची अध्यक्ष.

मग उपचार. संत्र्यांचा तालुका आपला, आंबिया बहार असो की मृग, साल माझ्याच तोंडाला. वाळवून कुटलेल्या सालीची भरड घासली की सुजलेला मुरूम आणखी सुजतो. लिंबू चोळून आपल्या उन्हात निघालं की चट्टे उठतात. टूथपेस्टनं कातडी जळते. बागेतल्या झाडाला डिंक्या लागला तर आपण कृषी सहायकाला विचारता, साल खरवडून बोर्डो पेस्ट लावता. त्या खोडाला टूथपेस्ट लावायचं कुणाला सुचल्याचं ऐकिवात नाही. पोरीच्या गालाला तेवढीही चौकशी लागत नाही?

"लगीन झालं का आपोआप जाते," हा मंडळाचा सर्वात लाडका ठराव. लग्नात हळद लागते, अंतरपाट धरतात, आंदण मिळतं. हार्मोन्सना निमंत्रण कोण देतं? पंचविशीनंतरही कित्येक बायांना मुरूम येतात. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मुहूर्त नव्हे, डॉक्टर बघावा.

इथवर हसून घेतलं. पण आपण हळूच हातात सरकवता ती ट्यूब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझ्या मावसबहिणीला अशीच मिळाली, "आठ दिवसांत गोरी होशीन" या हमीसह. झालीही. त्यात स्टेरॉइड असतं. ते सूज आणि लाली पटकन दाबतं. दोन-तीन महिन्यांत तिच्या गालाची कातडी इतकी पातळ झाली की लाल शिरा दिसू लागल्या, लव वाढली, उन्हात आग होऊ लागली. बंद केली की चेहरा दुप्पट उसळे, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. शेवटापर्यंत पिळून चपटी झालेली ती ट्यूब मी उजेडात धरली, तेव्हा मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत सूचना दिसली : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. अशी 14 स्टेरॉइड मलमं केंद्र सरकारनं 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी. आपल्याकडे मात्र "शेजारणीनं सांगितलं" हीच चिठ्ठी चालते.

मुरुमांवर औषधं आहेत : बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन, गरजेप्रमाणे पोटात घ्यायच्या गोळ्या. त्यातल्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या गर्भारपणात अजिबात चालत नाहीत, म्हणून तिथेही शेजारीण नको. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. मंडळाची अडचण मला समजते; तेवढ्या वेळात आपले पंधरा सल्ले बदलून होतात. फोडलेल्या मुरुमाचा काळा डाग मात्र महिनोन्‌महिने बसतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोगांचा विभाग आहे. गाडीभाडं पडतं, पण आजवर आणलेल्या पुड्या आणि डब्यांपेक्षा कमीच.

सबब, पत्र मिळताच मंडळ बरखास्त समजावं. ज्यांना राहवणारच नाही, त्यांनी पोरीला दवाखान्यात न्यायला सोबत यावं. तेवढ्यापुरतं सदस्यत्व कायम राहील.

आपल्याच गावची,
एक मुरूमधारक

प्रत माहितीस्तव :
1) आजी (तेलाच्या बाटलीसह कार्यमुक्त)
2) बसस्टँडवरचे काका (आपली गाडी लागली आहे)
3) होणारी सासू, असल्यास (हळदीआधी डाग मोजू नयेत)