एकवीस नंबरची भानगड

हळू बोला, भिंतींना कान असतात. पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. चांगल्या घरची, शिकली-सवरलेली, घराचे हप्ते वेळेवर भरणारी माणसं रात्री खोलीचं दार लावून माउसनं रेघा ओढत बसतात म्हणे! रेघ डावीकडून उजवीकडे चढत जाते आणि स्पीकर ओरडतो: व्याऽऽआँव. मग ती रेघ पुसायची, जरा वाकडी ओढायची, की पुन्हा व्याऽऽआँव, आधीपेक्षा थोडं अधिक निर्लज्ज. असे तास जातात. विचारलं तर मान वर न करता उत्तर येतं, "फिल्टर लावतोय."

प्रकरण जुनं आहे, १९९४चं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई ३२ नावाचं कार्ड काढलं. कार्ड कसलं, फळीच ती! जवळपास १४ इंच लांब. कॅबिनेटमध्ये घालताना एक टोक कशाला ना कशाला जाऊन भिडायचंच. लोक ते घ्यायचे 'डूम'मध्ये राक्षस मारताना मागे बरं संगीत वाजावं म्हणून. निदान घरी कारण तरी तेवढंच सांगायचे. पण आत काय दडवलं होतं बघा. आदल्याच वर्षी क्रिएटिव्हनं कॅलिफोर्नियाची ई-म्यू सिस्टिम्स विकत घेतली होती. स्टुडिओवाल्यांसाठी महागडे सॅम्पलर बनवणारं हे खानदानी घर, आणि त्यांचीच ईएमयू ८००० चिप या फळीवर येऊन बसली. एका वेळी ३२ सूर. पियानोपासून सतारीपर्यंतच्या वाद्यांचे नमुने १ एमबी रॉममध्ये कोंबलेले. आणि प्रत्येक सुराच्या वाट्याला स्वतंत्र फिल्टर! गेम खेळणाऱ्या पोराच्या हाती इतकं कुणी देतं का?

फिल्टर काय करतो ते कळायला कार्ड लागत नाही. आजूबाजूला कुणी नाही ना बघा, 'ऊ' म्हणा, आणि सूर न तोडता हळूहळू तोंड उघडत 'आ'वर या. आवाज तोच, पण वरची झळाळी आधी कोंडलेली होती, ती सुटली. किती वरपर्यंतचा आवाज जाऊ द्यायचा, ती हद्द म्हणजे कटऑफ. त्या हद्दीवरच आवाजाला फुगवटा आणायचा, तो रेझोनन्स. पहिला एकटा फिरतो तोवर सभ्य. दुसरा सोबतीला आला की व्याँव.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. या कार्डावर फिल्टरचं बटण नाही! फिरवायची मूठ नाही, ओढायची पट्टी नाही. मागे केबल खुपसायची भोकं आहेत, पण फिल्टरसाठी काही नाही. म्हणजे घरात तिजोरी आणि किल्लीचा पत्ता नाही. मग शौकिनांनी काय करावं? त्यांनी केकवॉक, क्यूबेससारखी सिक्वेन्सर सॉफ्टवेअरं उघडली. खरं तर या सॉफ्टवेअरांचं काम कारकुनाचं: कोणता सूर कधी, किती जोरात, किती वेळ, हे नोंदवायचं आणि मिडीच्या भाषेत सिंथेसायझरला सांगायचं. त्याच भाषेत कंट्रोलर नावाचे संदेशही असतात. ७ नंबरचा आवाज वाढवतो, १० नंबरचा सूर डावी-उजवीकडे सरकवतो. उजेडात चालणारे, नोकरदार नंबर. फिल्टरचं मात्र मागच्या दारानं.

त्या मागच्या दाराला एनआरपीएन म्हणतात. विधी ऐका. आधी ९९ नंबरवर १२७ पाठवायचा, म्हणजे 'क्रिएटिव्हच्या वाड्यातलं काम आहे' हे कळवायचं. मग ९८ नंबरवर २१. हाच तो कटऑफ! (२२ म्हणजे रेझोनन्स, शेजारच्याच खोलीत.) मग ६ नंबरवर ६४, ते केवळ शिष्टाचार म्हणून. आणि शेवटी ३८ नंबरवर खरी किंमत, ० ते १२७. चार निरोप, तेही याच क्रमानं. हे असं का? कारण किंमत सांगायला १६,३८४ पायऱ्यांचा जिना आहे, शून्य बरोबर मध्यावर, ८१९२व्या पायरीवर मानलेलं आहे, आणि त्यातल्या फक्त १२८ पायऱ्या कामाला येतात. केकवॉकमध्ये तर हे चारही निरोप एकाच ओळीत मावत आणि त्या ओळीवर आकडा दिसे १६२७७. मी त्याचा हिशेब करून पाहिलाय, १२७ गुणिले १२८ अधिक २१. ज्या माणसाला वाणसामानाच्या यादीची बेरीज जमत नाही, त्याला हा आकडा झोपेत विचारा, सांगेल.

नवशिका काय करायचा? ३८ विसरून ६ नंबरवरच रेघ ओढायचा, आणि गाण्याचा विचका. त्याच्यापेक्षा थोडा पुढे गेलेला एकाच चॅनलवर कटऑफ आणि रेझोनन्स दोघांना नाचवायला जायचा. पण कार्ड शेवटी ज्याचं नाव ऐकलं त्यालाच पुढचा आकडा देतं. २१ म्हणून झालं, मध्येच २२ म्हणून झालं, आणि पुन्हा २१ म्हणायचं राहिलं, तर कटऑफची सगळी किंमत रेझोनन्सच्या पदरात. शिवाय सगळे निरोप एकाच क्षणावर ठेवले आणि सॉफ्टवेअरनं त्यांचा क्रम बदलला तर बघायलाच नको. जाणते म्हणून निरोपांमध्ये एकेक टिकचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या घड्याळातल्या सगळ्यात लहान तुकड्याचं, अंतर ठेवतात. अशी शिस्त अभ्यासात दाखवली असती, तर... जाऊ द्या.

बरं, एवढं शिकून गाणं मित्राला द्यावं, तर त्याच्या यंत्रावर साधं, सोवळं व्हायोलिन वाजणार! कारण घराणी वेगळी. रोलंडच्या जीएस घराण्यात कटऑफ मागायचा तर ९९वर १ आणि ९८वर ३२. यामाहाच्या एक्सजी घराण्यातही तोच पत्ता. क्रिएटिव्हचं सगळं निराळं. १९९१मध्ये जनरल मिडी ठरलं तेव्हा पियानो कितव्या नंबरवर, व्हायोलिन कितव्या, यावर सगळ्यांचं एकमत झालं. फिल्टरचा विषय मात्र कुणी काढला नाही. सोयरिकीच्या बैठकीत हुंड्याचं बोलणं टाळतात, तसं. शेवटी १९९९च्या जनरल मिडी २मध्ये ७४ नंबर कटऑफला आणि ७१ रेझोनन्सला रीतसर मिळाला. उजळ माथ्याचे नंबर! तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पैशांचं तर विचारूच नका. कार्डावर ५१२ केबी रॅम मिळायची. पण शौकीन तेवढ्यावर थांबतो होय? स्वतःचे आवाज साउंडफाँट म्हणून चढवायला ३० पिनांच्या मेमरीच्या पट्ट्या घ्यायच्या, त्याही जोडीनं. कार्डावर जास्तीत जास्त ३२ एमबी बसायची आणि त्यातली २८च वापरात यायची, कारण उरलेल्या चारांच्या पत्त्यावर रॉम आधीच ठाण मांडून. वर ती मेमरी विंडोजला उसनी देता येत नाही. ज्या घरच्या कॉम्प्युटरला स्वतःची ८ एमबीसुद्धा नाही, तिथे साउंड कार्डाच्या अंगावर असे दागिने! सूनबाई पाहतेय, सासूबाई बोलत नाहीत.

पण या व्याँवच्या थेरांचं मूळ सिंगापूरचं नाही. ते आहे जपानच्या रोलंडच्या टीबी-३०३मध्ये. १९८१ची ही रुपेरी डबी गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढली होती. ती काही चालली नाही, १९८४च्या सुमारास बंद पडली आणि स्वस्तात विकली जाऊ लागली. शिकागोच्या पोरांच्या हाती ती आली आणि त्यांनी बेसची साथ राहू दिली बाजूला, मुठी मुरगळायला सुरुवात केली. त्यातून १९८७मध्ये फ्यूचर या त्रिकुटाचं 'अॅसिड ट्रॅक्स' निघालं, म्हणजे बारा मिनिटांच्या आसपास फक्त व्याँव. रॉन हार्डी या डीजेनं ते एका रात्रीत चारदा वाजवलं आणि चौथ्या वेळी गर्दी वेडी झाली, असं सांगतात. पहिल्या तीन वेळांना जे लोक उभे राहिले, त्यांचा मला जास्त आदर वाटतो.

"परदेशातली थेरं" म्हणून नाक मुरडताय? थांबा. त्याच्याही पाच वर्षं आधी, १९८२मध्ये, आपल्या मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी हीच टीबी-३०३, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर समोर मांडला आणि ललित, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१०मध्ये ती युरोपातून पुन्हा निघाली, तेव्हा जगानं तोंडात बोट घातलं. ललितवर असलं काही होऊ शकतं, हे ऐकून कुणी कानाच्या पाळीला हात लावला असेल तर मी समजू शकते. पण त्यांनी मग ती रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकली असणार, हेही मला ठाऊक आहे.

फरक एवढाच की ३०३ची मूठ हातानं फिरवायची. तिचा स्वतःचा सिक्वेन्सर सूर लक्षात ठेवतो, मुठीची फिरकी नाही. रात्री जे मुरगळलं ते सकाळी हवेत विरलेलं. कुणी टेप लावली नसेल तर पुरावाच नाही. साउंड कार्डवाल्यांचं उलट झालं. त्यांना मूठ मिळाली नाही म्हणून त्यांनी ती आकड्यांत लिहिली, आणि लिहिलेलं राहिलं! हात कुठे थरथरला, माउस कुठे अडला, सगळं मिडी फाइलमध्ये जसंच्या तसं.

त्या फाइली आता बाहेर येताहेत. ही फळी ज्यात बसायची ते आयएसए स्लॉट कधीच गेले, तरी जुन्या फळ्या शोधून, जुने मदरबोर्ड जुळवून मंडळी पुन्हा कामाला लागलीत. ज्यांच्याकडे फळी नाही त्यांचीही सोय झालीय. फ्लुइडसिंथ हे फुकटचं सॉफ्टवेअर अलीकडे एडब्ल्यूईचे एनआरपीएन ओळखायला शिकलंय. मग तीस वर्षांपूर्वीची फाइल घालायची आणि ऐकायचं. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊ घातलेल्या साहेबांनी कॉलेजात असताना एका गरीब व्हायोलिनचं काय केलं, हे सिक्वेन्सरच्या इव्हेंट लिस्टमध्ये ओळीनं वाचता येतं: तिसरा बार, दुसरा ठोका, ३८वर ९०, मग ९४, मग ९९, मग एकदम ४०. हे ४० कशाला, ते मात्र त्यांनाच विचारा.