मेगची बदली

मेग ही मेंढ्यांची कुत्री. जात बॉर्डर कॉली. यॉर्कशर डेल्समधल्या दगडी कुंपणांच्या उतारांवर तिची आई मेंढ्यांवर होती, बाप मेंढ्यांवर होता, आणि मेगही वयात आल्याबरोबर वारसाहक्काने तिथेच रुजू झाली. पुढे मालकांचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांनी कळप मुलाच्या हवाली केला, मुलाने येताना स्वतःचे कुत्रे आणले, आणि ऐन उमेदीत मेगची बदली सशांच्या खात्यात झाली. नव्या खात्यात काय करायचं ते तिला कोणी सांगितलं नाही. बदलीत ते कोण सांगतं?

हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं ते मुलीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलो म्हणून. घरात हिला क्षणाची उसंत नव्हती आणि मला कोणी काम देत नव्हतं. शेजारच्या म्हातारबांना, म्हणजे मेगच्या मालकांना, जाळ्यांची पिशवी वाहायला माणूस हवा होता. दोघांचीही सोय झाली.

ससे धरायची ही तऱ्हा फार जुनी. फेरेट नावाचा एक लांबुळका मांसाहारी प्राणी असतो. अंगलट मुंगसाची, पण मुंगसाशी नातं नाही; युरोपातल्या पोलकॅटला माणसाळवून तो घडवलेला. तिकडचे रानससे बांधात बिळं खणून एकत्र राहतात, आणि एकेका वसाहतीला कितीतरी दारं. प्रत्येक दारावर दोरीचा बटवा पसरायचा, दोरी खुंटीला बांधायची आणि एका जाळ्याची कड उचलून फेरेट आत सोडायचा. बाहेर माणसाने तोंड मिटून उभं राहायचं. आत धपधप ऐकू येते, कारण ससे मागचा पाय आपटून एकमेकांना सावध करतात. मग एखादा ससा सुसाट बाहेर येतो आणि त्याच्याच जोराने बटव्याचं तोंड आवळलं जातं. पुढचं काम हाताचं, मान मुरगळण्याचं, आणि ते क्षणात उरकतं. तेवढ्यापुरता मी कुंपणावरचं शेवाळ न्याहाळत असे.

सशांनी माणसाला जेरीला आणलं त्याचीही नोंद आहे. बॅलिएरिक बेटांवरच्या लोकांनी सशांविरुद्ध सम्राट ऑगस्टसकडे चक्क लष्कराची मदत मागितली होती, असं प्लिनी लिहून गेलाय. ब्रिटनमध्ये नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणि कातडीसाठी ससे आणले, मातीचे उंचवटे घालून लाडाने पाळले, आणि पाहुणे घरमालक झाले. १९५३ साली मिक्सोमॅटोसिसची साथ आली आणि बहुतेक सगळे ससे मेले. लगेच १९५४ च्या कायद्याने उरलेल्यांचा बंदोबस्त शेतकऱ्याच्या गळ्यात घातला. कुत्रे लावून केलेल्या शिकारीवर बंदी घालणाऱ्या २००४ च्या कायद्यानेही या सशाला संरक्षण दिलं नाही. मोकळ्या माळावरचा त्याचा लांब कानांचा भाऊबंद तेवढा वाचला. आपल्याकडचा ससा त्या भाऊबंदाच्या घराण्यातला. तो बीळ खणत नाही, झुडपाआड अंग चोरून बसतो. फेरेट आपल्याकडे उपाशी मेला असता.

ससे धरायच्या कामावर नेहमी घेतात ते टेरिअर, व्हिपेट आणि लर्चर हे कुत्रे. टेरिअर उत्साहाने स्वतःच बिळात घुसायला बघतो. लर्चर म्हणजे ग्रेहाउंडचा संकर. त्यात बरेचदा कॉलीचं रक्त मिसळतात, म्हणजे वेग एकाकडून येतो आणि अक्कल दुसऱ्याकडून. रात्री दुसऱ्याच्या रानात शिरणाऱ्यांचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा सोबती. मेगच्या वाट्याला नुसती अक्कल आली होती, आणि नुसती अक्कल घेऊन जगणं किती अवघड असतं ते तिच्या कपाळावर दिसायचं.

आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ नॉर्थम्बरलंडच्या ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्यापाशी जाऊन पोचते. १८९३ साली अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे तो जन्मला. भुंकायचा नाही, चावायचा नाही, नुसता बघायचा. आणि मेंढ्या निमूट चालू लागायच्या. लांडगा टक लावतो, दबकत जातो, पाठलाग करतो, मग चावतो आणि फाडतो. माणसाने कॉलीत पहिलं तेवढं जोपासलं आणि शेवटचं दाबून टाकलं. आपल्या धनगराचा कुत्रा कळपाची राखण करतो, लांडग्याला अंगावर घेतो. मेंढ्या वळवायच्या त्या धनगरानेच, शीळ घालून. मेगला मात्र वळवण्याशिवाय काही ठाऊक नव्हतं.

त्यामुळे सुरुवातीला ती बिळासमोर पोट टेकून बसली आणि टक लावली. जाळ्यामागे आधी मिशा दिसल्या, मग ओलं नाक, मग एक डोळा. त्या डोळ्याने मेगचे डोळे पाहिले. इकडे आड तिकडे विहीर. सशाने मुकाट्याने फेरेटच्या बाजूची विहीर पत्करली. म्हातारबा पुटपुटले ते मुलीच्या घरी सांगण्यासारखं नव्हतं. जाळं चुकवून एक ससा सुटला तेव्हा मेगने लांबलचक अर्धवर्तुळ घेऊन त्याला मालकांकडे वळवायला घेतलं, आणि मध्येच थांबून बाकीचा कळप कुठे आहे ते शोधू लागली. मग फेरेट बाहेर आला. पांढरा. तिला हायसं वाटलं असावं. तिने त्याला सन्मानाने म्हातारबांच्या बुटांपर्यंत आणून पोचवलं. फेरेट संपला की मी होतोच. मी जरा कुंपणाकडे सरकलो की ती मागून फिरून मला पिशवीपाशी आणून उभं करायची.

पण कॉलीला ‘पुरे’ कळतं, आणि या धंद्यात तेच लाखमोलाचं. म्हातारबांनी तिला बिळाच्या मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला झोपायला शिकवलं. मग ती बांधभर हिंडून दारोदार वास घ्यायची, रिकाम्या बिळापाशी थांबायचीही नाही, आणि भरल्या बिळापाशी पुढचा एक पाय उचलून पुतळा व्हायची. तिने नाकारलेल्या बिळावर म्हातारबा फेरेट वाया घालवत नसत. जाळ्यात ससा तडफडू लागला की टेरिअर सशासकट जाळं फाडतो. मेग दोन्ही पंजे अलगद वर ठेवायची आणि मालकांकडे बघायची: मंजुरी द्या.

असंच एकदा फेरेट आत गेला तो गेलाच. आत ससा मारून, पोटभर खाऊन तिथेच ताणून द्यायची ही त्या जातीची जुनी खोड. म्हातारबांनी खिशातून यंत्राची डबी काढली. फेरेटच्या गळ्यातल्या पट्ट्याचा इशारा तिला मिळतो आणि ती टिकटिकू लागते. टिकटिक झाली बांधाच्या मधोमध. मेग तिथून चार हातांवर, मान तिरकी करून, जमिनीला कान लावून उभी. म्हातारबांनी एकदा डबीकडे पाहिलं, एकदा कुत्रीकडे.

“सेल नवीन घातलेत,” ते म्हणाले आणि डबीच्या जागी फावडं मारलं.

कमरेएवढं खणल्यावर पट्टा सापडला. नुसता पट्टा. मग खजील होऊन मेगच्या जागी खणलं, तर माती ढासळून आतून धडधाकट ससा बाहेर पडला आणि सगळ्यांच्या देखत शेत पार करून गेला. जाळी तोवर मी गोळा केली होती. फेरेट मागाहून मिळाला, त्याच जाळ्यांच्या पिशवीत, वेटोळं करून झोपलेला.

म्हातारबा मेगला बरंच बोलले. मला ते पटलं नाही. तिने ससा दाखवला होता, आणि ससा तिथे होताच; फेरेट काही तिच्या खात्यात नव्हता. धावायला कोणी सांगितलं नाही, म्हणून ती धावलीही नाही.