तात्यांची काडतुसं आणि पत्र्याची शेड

लांज्यात पाऊस लागला की मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात आणि शेजारच्या तात्यांची काडतुसं चर्चेत येतात. यंदा निमित्त नवीन. मुलाने गाडीसाठी मागच्या बाजूला पत्र्याची शेड घातली आणि तात्यांनी जाहीर केलं की बंदुकीचं सगळं सामान आता तिकडे. सुनेने म्हणे सांगितलं, नातू रांगायला लागलाय, घरात हे नको. सुनेचं चूक नाही. पण शेडमध्ये? मी गडग्यावर पडवळाचा वेल चढवत होते, तिथूनच हाक मारली.

"तात्या, नीट विचार केलात ना?"

"वहिनी, अमेरिकेत सगळे गॅरेजमध्येच ठेवतात. आमचा भाचा मिनेसोटात आहे. त्याच्या ओळखीतले लोक हिवाळ्यात गॅरेजमध्ये बसून घरच्या घरी काडतुसं भरतात. बाहेर उणे वीस, आत हीटर नाही, तरी काही होत नाही."

"होणारच नाही. थंडीने काडतुसाचं काय बिघडणार? ते बिघडतं ओलीने आणि उकाड्याने. आणि या दोन गोष्टी आपल्याकडे फुकट मिळतात."

माझं माहेर वेरवलीकडचं. वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, म्हणून यातल्या चार गोष्टी मला कळतात. तात्यांना हे माहीत आहे, पण बाईमाणसाकडून बंदुकीचं ऐकून घेणं त्यांना जरा जड जातं.

बघा ना, जिल्ह्यात सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर हवाच भिजलेली. त्यात पत्र्याची शेड म्हणजे दुपारी ऊन आलं की तापते आणि रात्री गार झाली की पत्र्याला आतून घाम फुटतो. तोच घाम काडतुसाच्या पितळी बुडावर बसतो. जुनी कागदी काडतुसं असली तर फुगतात आणि नळीत जातच नाहीत. तात्यांकडे खडकीच्या कारखान्याची, बुडावर 'केएफ' छाप असलेली बारा बोअरची प्लास्टिकची आहेत. ती बरी टिकतात, पण बूड शेवटी धातूचंच.

"मग ती चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवतो," तात्या म्हणाले.

"ते तर मुळीच नको. कमावलेल्या चामड्यातली आम्लं पितळ खातात. हिरवा कळंक चढेल. पट्टा शेताच्या राखणीला जाताना कमरेला, एरवी काडतुसं त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात."

"खोबरेल तेलाचा हात मारला तर?"

"तात्या! तेल टोपीत झिरपलं की चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज येईल आणि डुक्कर तुमच्याकडे बघत बसेल."

ते हसले. मग मीही थोडी रंगात आले. खरी काळजी मला तात्यांच्या ठासणीच्या बंदुकीच्या दारूची होती. काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. एकदा पाणी लागलं की सोरा विरघळून वेगळा होतो. मग ती वाळवली तरी पहिल्यासारखी होत नाही, आणि चुलीजवळ वाळवायला जाणारा तर होत्याचा नव्हता होतो. माझ्या आजोबांच्या काळी काही जण ओल शोषायला पेटीत कळीचा चुना ठेवायचे. चुना ओल शोषतो हे खरं, पण पाणी प्यायला की रसरसून तापतो. दारूशेजारी तो ठेवणाऱ्याचं धाडसच म्हणायचं! सिलिका जेलच्या पुड्या स्वस्त मिळतात, त्या वापराव्यात. शिवाय त्या शेडमध्ये गाडीचं पेट्रोल, जुनी बॅटरी, कोपऱ्यात युरियाची गोणी. बॅटरीच्या वाफेने धातू गंजतो, युरिया तर स्वतःच ओल धरतो. हा काय शेजार झाला?

"मग ठेवू कुठे, तुमच्याकडे?"

"माझ्याकडे परवाना कुठे आहे! मधल्या खोलीत ठेवा. जिथे पत्रा नाही, चूल नाही, बाहेरची भिंत नाही. बंदूक एका कपाटात कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली तुमच्या करगोट्याला. सुटी दारू मात्र घट्ट लोखंडी डब्यात कोंडू नका. कोंडलेली पेटली की डब्याचाच बॉम्ब होतो. आणि मुळात ठेवा थोडीच, हंगामापुरती."

यावर तात्या एकदम निवडणुकीवर घसरले. त्यांचा तो जुना सल आहे. 2024 मध्ये आधी लोकसभा, मग विधानसभा. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची. विधानसभेच्या वेळी नेमकं भात कापणीला आलेलं. "डुकरांना आचारसंहिता नाही," असं ते तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. कोणाकोणाची शस्त्रं जमा करायची हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. नाचणीच्या राखणीला बसणाऱ्या म्हाताऱ्याला आणि गावगुंडाला तिने एका मापाने मोजू नये. 1959 च्या शस्त्र कायद्यात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे, तो काय उगीच? अर्थात परवाना असला म्हणून डुक्कर मारायची मोकळीक नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी. तात्या बहुतेक वेळा हवेतच बार काढतात. आणि ते भाच्याचं घरी काडतुसं भरणं तर इथे परवान्याशिवाय गुन्हाच.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. तिला मी सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "काकू, तात्या नसतील तेव्हा या सामानाचं काय करायचं?"

तात्यांचा चेहरा पडला, पण प्रश्न अगदी योग्य होता. आपल्याकडे किती घरं बंद आहेत! माणसं मुंबईला, आणि माळ्यावर आजोबांची बंदूक नि गंजलेली काडतुसं. परवाना माणसाच्या नावावर असतो, तो वारसाला आपोआप येत नाही. परवानाधारक गेला की शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. म्हणून गणपतीला गावी याल, तेव्हा माळा झाडून घ्या. जुनी काडतुसं सापडली तर ती जाळू नका, विहिरीत टाकू नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका. हात न लावता आधी ठाण्यात फोन करा, पुढे काय करायचं ते तेच सांगतील.