अनुभव : निरंक

नांदेडला विष्णुपुरीत विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, नाही तर लातुरात औसा रोडवरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जून-जुलैत जा. अर्जदार तिथे असतोच. हातात चेनची फाइल. फाइलमध्ये पदवीची गुणपत्रिका, टीसी, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर, एनएसएसच्या शिबिराचं प्रमाणपत्र आणि वडिलांचा सातबारा. पुण्याकडच्या खासगी कंपनीला सातबारा कशाला, असं विचारा.

“असू द्या की सर. नको म्हनले तर काढून घेऊ.”

कंपनीनं मागितलेलं असतं एक पानाचं कव्हर लेटर. ते स्वतः लिहायचं असतं, ही बातमी अर्जदाराला दुकानात कळते. त्यातही लातूरचा अर्जदार वेगळा. तो लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेला. त्याचा पहिला प्रश्न, “मागच्या साली कुणाचं सिलेक्शन झालं? त्याचं लेटर भेटंल का?” सरावाला दहा नमुने मिळाले तर अकरावं तो बिनचूक उतरवेल, फक्त त्यात कंपनीचं नाव पहिल्या नमुन्यातलंच राहील. नांदेडच्या अर्जदाराला नमुना नको असतो, त्याला ओळख हवी असते. “लेटर होईल हो, पण तिथं आपल्याकडचं कोन हाय?”

अर्ज लिहायला तो शाळेत शिकला, तेव्हा विषय होता ‘आजारी असल्यामुळे दोन दिवसांची रजा मिळणेबाबत’. तोच साचा पुढे शिष्यवृत्ती, बसचा पास, होस्टेल, पुनर्मूल्यांकन, सगळ्याला पुरला. मग चाकणच्या कंपनीनं काय घोडं मारलंय? सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव सब्जेक्ट’. मग घरची परिस्थिती हलाखीची, वडील अल्पभूधारक, बहीण शिकते आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. कंपनीला हवा असतो क्वालिटी इन्स्पेक्टर. तिच्या टेबलावर येतं ते फी-माफीचं प्रकरण.

त्याला हसणाऱ्यांनी जरा मागं वळून पाहावं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा, सरकारदरबारची भाषा उर्दू. दरखास्त लिहिणारा तेव्हा स्वतःला ‘फिदवी’ म्हणवून घेई, म्हणजे साहेबावरून जीव ओवाळून टाकणारा. पणजोबांचा फिदवी गेला आणि पणतूचा ‘आपला आज्ञाधारक’ आला, पाठीचा कणा तेवढाच वाकलेला. शिवाय घरचं वळण असं की आपल्या तोंडानं आपलं कौतुक करायचं नाही. पोराचे मार्कसुद्धा आईनं शेजारणीला सांगायचे, पोरानं खाली मान घालून उभं राहायचं. अशा पोराला तुम्ही लिहायला सांगता, ‘मी या पदासाठी सर्वांत योग्य का आहे?’

लिओनार्दो दा विंचीला ही अडचण नव्हती. सुमारे १४८२ साली मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला त्यानं नोकरीसाठी पत्र लिहिलं. हलके पूल बांधीन, तोफा ओतीन, शत्रूला भेदता येणार नाहीत असे झाकलेले रथ करीन, अशी क्रमांक घालून यादी. चित्रं काढतो हे अगदी शेवटी, जाता जाता. आमच्या झेरॉक्सच्या दुकानात आला असता तर दुकानवाल्या भाऊंनी पहिल्यांदा उत्पन्नाचा दाखला मागितला असता.

हल्ली भाऊंचा धंदा मोबाइल खातो आहे. एआय दोन सेकंदांत पत्र देतं. त्यात अर्जदार एकदम ‘डायनॅमिक’ आणि ‘पॅशनेट’ होतो, आणि खाली सहीच्या जागी ‘युवर नेम हिअर’ तसंच राहतं.

पण खरी गंमत बायोडाटातल्या एका ओळीत आहे. ‘अनुभव : निरंक.’ हा निरंक पोरगा पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला, सर्व्हर बसलेला असताना, रात्री जागून अर्ध्या गावाचे फॉर्म भरतो. बापाचं सोयाबीन मोंढ्यात घेऊन जातो, आडत्याची पट्टी तिथंच तपासतो, तोलाई-हमालीत जास्त कापलेले रुपये परत घेतो. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. हा दाणा दाताखाली चावून सांगतो की आज नेऊ नका, दोन उन्हं द्या. मोजमाप, हिशेब, वाटाघाट, सगळं यात आलं, पण याला अनुभव म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो म्हणतो, “ते घरचं काम झालं की सर.”

तेव्हा चाकण-हिंजवडीच्या एचआरवाल्यांनो, नांदेड-लातूरकडून सातबारा जोडलेला अर्ज आला तर डिलीट करू नका. त्याला फोन लावा आणि सोयाबीनवर बोलतं करा. फक्त बायोडाटावरचा पहिला नंबर लावू नका. तो वडिलांचा असतो, आणि ते आधी तुमचंच गाव कोणतं ते विचारतील.