काही होत नाही

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक मेंटेनन्स थकवणारा असतो आणि एक ‘काही होत नाही’वाला असतो. पहिले दोघे अधूनमधून बदलतात. तिसरा तहहयात असतो. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत ही गादी तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंकडे आहे. गॅसच्या नळीला भेगा पडल्यात? काही होत नाही. लिफ्ट मध्येच आचके देते? काही होत नाही, चढा. खोकल्याच्या औषधाची तारीख उलटून गेली? “अहो, कंपन्या हातचं राखूनच तारीख टाकतात. घ्या दोन चमचे.” समोरचा जितका घाबरलेला, तितका भाऊंना हुरूप जास्त.

हा बाणा नुसता ऐकायचा तर संध्याकाळी कट्ट्यावर बसावं. प्रयोगासहित बघायचा तर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात जावं.

पूर्वी भाऊ नाक्यावरच्या चिकन सेंटरमधून समोर कापून घेत. मग घरात दोन दारांचा फ्रीज आला. त्याचा एवढा थोरला फ्रीझर रिकामा बघवेना, म्हणून ‘एकावर एक फ्री’मधल्या गोठवलेल्या कोंबड्या आल्या. आता गोठलेली कोंबडी म्हणजे शुद्ध धोंडा. ती सुटी करण्याचे भाऊंनी नाना उपाय केले. एकदा भर पंख्याखाली टीपॉयवर ठेवली. एकदा गॅलरीत उन्हात ठेवली, तिथे कावळ्यांची इतकी गर्दी जमली की शेजारचे हळू आवाजात “कुणाचा दहावा?” म्हणून विचारायला आले. एकदा वहिनींचा हेअर ड्रायर लावला. “पिसं काढलेल्या कोंबडीचं वाळवताय काय?” वहिनींनी विचारलं. भाऊंनी ड्रायर बंद केला नाही, फक्त पाठ फिरवली.

शेवटी एक पद्धत पक्की झाली. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की तुकड्यांचं पाकीट फ्रीझरमधून काढायचं, परातीत घालून ओट्यावर ठेवायचं आणि खुशाल झोपायला जायचं.

दुसऱ्या मजल्यावर सर राहतात. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ही पद्धत कानावर गेल्यापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

“भाऊ, फ्रीझरच्या उणे १८ अंशांत जंतू मरत नाहीत हो. साल्मोनेला काय, कॅम्पिलोबॅक्टर काय, नुसते गप पडून असतात.”

“मग पडू द्या की. आपण कशाला कुणाला उठवा?”

“तुम्हीच उठवताय! ओट्यावर ठेवली की बाहेरचा थर आधी सुटतो. बर्फातून उष्णता जशी झटकन जाते तशी सुटलेल्या मांसातून जात नाही. तो थर आतल्या बर्फावर गोधडीसारखा बसतो. म्हणजे मध्ये धोंडा तसाच, आणि बाहेरचं मांस तासन्‌तास गरमीत. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतूंची चंगळ असते. मानवलं तर वीस मिनिटांत दुप्पट! कच्चं चिकन बाहेर दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. पारा ३२च्या वर असेल तर एकच तास.”

“मी रात्रभर ठेवतो,” भाऊ म्हणाले. “किती वर्षं ठेवतोय. काय झालं?”

सरांनी इतिहासाकडे धाव घेतली. फ्रान्सिस बेकन, इंग्लंडचा एवढा मोठा तत्त्वज्ञ. बर्फात मांस टिकतं का हे बघायला १६२६ साली त्याने वाटेत थांबून एक कोंबडी विकत घेतली, साफ करवली आणि स्वतःच्या हाताने तिच्या पोटात बर्फ भरला. त्यात तो असा गारठला की काही दिवसांतच गेला, असं जॉन ऑब्रीने लिहून ठेवलंय. कोंबडी आणि बर्फ हा पोरखेळ नव्हे!

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे सर्दीने गेला,” ते म्हणाले. “कोंबडीने नाही.”

निदान शिजवताना तरी आतल्या जाड भागात ७४ अंश होऊ द्या, अशी सरांनी तडजोड सुचवली. भाऊंनी कपाटातून ताप बघायचा थर्मामीटर आणला आणि सरांच्या नाकासमोर धरला. “यात ४२च्या पुढे आकडाच नाही, सर. तुम्ही ७४ आणलेत कुठून?” सर काही न बोलता जिना उतरले.

‘काय झालं?’ या प्रश्नाला सरांकडे उत्तर नव्हतं, कारण ते वहिनींकडे होतं. शनिवारी रात्री भाऊंचं घोरणं लागलं की वहिनी उठत. ओट्यावरचं पाकीट खोलगट डब्यात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवत. खालच्या अशासाठी, की पाणी सुटलं तरी ते दह्यात किंवा चिरलेल्या काकडीत टपकू नये. परात घासून ठेवत, ओटा साबणाने पुसत. अख्खी दोन-सव्वादोन किलोची कोंबडी असेल तर फ्रीजमध्ये सुटायला पूर्ण एक दिवस लागतो. किलोभर तुकड्यांचं रात्रीत भागतं. सकाळी भाऊ उठायच्या आत पाकीट पुन्हा परातीत, परात पुन्हा ओट्यावर. भाऊ दात घासत येत, पाकिटाला बोट लावून बघत आणि म्हणत, “बघ. रात्रभर इथेच होतं. काही झालं?” वहिनी म्हणत, “नाही बाई.” इमारतीतल्या यच्चयावत बायकांना हे ठाऊक होतं. आम्हा पुरुषांना वास नव्हता.

‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागे, काही होऊ नये म्हणून रात्री उठणारं एक माणूस असतं. ते माणूस गावाला गेलं की तत्त्वज्ञानाची परीक्षा होते. भाऊंची झाली ती गटारीच्या रविवारी. वहिनी नाशिकला बहिणीकडे गेलेल्या. दोन साडू आणि एक व्याही एक वाजता जेवायला येणार. सकाळी साडेदहाला भाऊंनी फ्रीझर उघडला आणि त्यांच्या लक्षात आलं की आत पाकीट नाही, दीड किलोची अख्खी कोंबडी आहे. शिवाय शनिवारी ती बाहेर काढायचीच राहून गेली होती.

मी गेलो तेव्हा भाऊ बनियनवर होते. हातात खलबत्त्यातला बत्ता. त्यांनी कोंबडीवर एक घाव घातला. ठण्ण! बत्ता उसळला, कोंबडी ओट्यावरून घसरत थेट मिक्सरवर आदळली. तिला ओरखडासुद्धा नव्हता. मिक्सरच्या भांड्याला मात्र पोचा आला. मायक्रोवेव्हचं दार कोंबडीचे पाय आत मावेनात म्हणून लागेना. “गीझर लाव,” भाऊ म्हणाले. बादलीत वाफाळतं पाणी पडायला लागलं आणि भाऊ कोंबडी दोन्ही हातांत धरून विसर्जनाच्या पवित्र्यात उभे राहिले, तेवढ्यात नाशिकहून व्हिडिओ कॉल आला.

“गरम पाण्यात नाही!” वहिनींनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “वरून शिजेल, आत बर्फ राहील. ती पिशवी गळती आहे का बघा. दुसऱ्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारा. मोठं पातेलं घ्या, थंड पाणी भरा, पूर्ण बुडवा. दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं.”

भाऊंनी नळ सोडला.

“नळाचं नको. गच्चीवरच्या टाकीतलं कोमट पाणी ते. फ्रीजमधल्या बाटल्या ओता. वर बर्फाचे चार खडे टाका.”

भाऊ हतबुद्ध झाले. “अगं, बर्फ वितळवायला बर्फ?”

“पाण्याने हवेपेक्षा लवकर सुटते ती. पण पाणी गार राहिलं पाहिजे, म्हणजे बाहेरचं मांस तापत नाही. दोन तास तरी धरा. सुटली की लगेच फोडणीला टाकायची, परत फ्रीझरमध्ये कोंबायची नाही. आणि नळाखाली धरून धबाधबा धुऊ नका, शिंतोडे सगळे कोथिंबिरीवर उडतात. हात आणि सुरी साबणाने धुवा. व्याह्यांना तोवर कांदाभजी द्या.” कॉल बंद झाला.

मग त्या स्वयंपाकघरात अर्ध्या अर्ध्या तासाने गजर वाजू लागला. पाहुणे आले, त्यांना वाटलं कुणाच्या तरी औषधाची वेळ झाली. थोरल्या साडूंना बाटल्या भरून फ्रीजमध्ये लावायचं काम मिळालं. वास काढत सर वर आले, पातेल्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि भाऊंचा हात हातात घेऊन गदगदून हलवला. त्यांनाही ताट वाढलं गेलं. रस्सा अडीच वाजता झाला, मांडीच्या तुकड्याला हाडापाशीसुद्धा लाली नव्हती, आणि उशिरामुळे असेल, पण व्याह्यांनी तीनदा मागून घेतला.

माणसं बदलत नाहीत, फक्त बाजू बदलतात. कट्ट्यावर दुसऱ्या दिवसापासून भाऊंचं व्याख्यान सुरू झालं. “दोन तास! दोन तासांच्या वर कच्चं चिकन बाहेर राहता कामा नये. आणि नळाचं पाणी वापरू नका, मी फ्रीजच्या बाटल्या ओतायची युक्ती काढलीय.” श्रावण सुरू झालेला, समोर बसलेल्यांच्या तोंडात साबुदाण्याची खिचडी, पण भाऊंना त्याचं काही नव्हतं. आता ते स्वतः घाबरत होते आणि दुसऱ्यांना घाबरवत होते, त्याच तेजाने, खांद्यावर तसाच हात ठेवून.

श्रावण सरला, गणपती गेले आणि पहिला मोकळा शनिवार आला. रात्री घोरणं लागल्यावर वहिनी सवयीने उठून स्वयंपाकघरात आल्या. ओटा रिकामा होता. फ्रीज उघडला तर पाकीट आत, बशीत, वर कागद चिकटवलेला : ‘शास्त्रोक्त पद्धतीने ठेवले आहे. कुणीही हलवू नये.’ ठेवलं होतं सगळ्यात वरच्या कप्प्यात, आणि बशी काठोकाठ भरून एक थेंब खालच्या दह्याच्या झाकणावर पडायच्या बेतात होता.

वहिनींनी पाकीट खोलगट डब्यात घालून तळाच्या कप्प्यात ठेवलं, वरचा कप्पा पुसला, हात धुतले. सकाळी भाऊ उठायच्या आत ते पुन्हा वर गेलं, कागदासकट.