व्याघ्रदर्शन : सशुल्क आणि विनाशुल्क

व्याघ्रदर्शन हा चंद्रपूर जिल्ह्यात पहाटे सुरू होणारा विधी असून ताडोबा हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांतून आगाऊ आरक्षण केलेले भाविक जिप्सीत बसून आत शिरतात.

चितळ, सांबर किंवा वानर ओरडले की गाईड कान टवकारतो. हा इशारा वास्तविक त्या जनावरांनी एकमेकांना पळून जाण्यासाठी दिलेला असतो. जिप्सी नेमक्या त्याच दिशेने धावतात. मग वाहनांची अशी रांग लागते, की वाघाला रस्ता ओलांडायला फट मिळेलच असे नाही. वाघ न दिसल्यास रानगवे, अस्वल, रानकुत्रे आणि तलावातली मगर यांची मिळून एकच नोंद होते : ‘आज काहीच दिसलं नाही.’

विधीचा विनाशुल्क प्रकार चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत रूढ आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला, पुढे तेंदूपाने तोडायला माणसे पहाटे पायीच जंगलात जातात. त्यांना आरक्षण लागत नाही, गाईडही नाही. दर्शन घडू नये एवढीच त्यांची इच्छा असते, आणि वाघ ती दर वेळी पाळत नाही. सशुल्क भाविकांचा ऐन हंगामही हाच, कारण पाणी आटून जनावरे पाणवठ्यांवर येतात.

जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटकांना बंद असतो. धानाच्या बांधावरचे दर्शन बारमाही चालू राहते.